‘प्रीमियम’ पेट्रोल आणि जुन्या मोटारींचे एंजिन : एका समजुतीची चिकित्सा

पंपावर एकाहून अधिक प्रतींचे पेट्रोल मिळू लागले तेव्हापासून मोटारधारकांच्या मनात एक समजूत घर करून बसली आहे. महाग पेट्रोल घातले की गाडी अधिक मैल धावते आणि तिचे एंजिन अधिक वर्षे टिकते, ही ती समजूत होय. तिचा जोर सर्वांत अधिक आढळतो तो जुन्या, शक्तिमान गाड्यांच्या मालकांत. आणि ते स्वाभाविकही आहे. ज्याच्यापाशी १९६० नंतरच्या दशकातील एखादी अमेरिकन गाडी आहे, त्याला एंजिनाचा दट्ट्या फुटणे म्हणजे केवळ दुरुस्तीचा खर्च नव्हे. ज्या मूळ एंजिनामुळे गाडीला मोल आले तेच हातचे जाण्याचा तो प्रसंग असतो. अशा माणसाला थोड्या अधिक पैशांत संरक्षण मिळत असेल तर ते तो घेणारच. प्रश्न असा की, तो विकत घेतो ते नेमके काय? प्रस्तुत समजुतीत दोन विधाने एकत्र बांधलेली आहेत, आणि त्यांपैकी दुसऱ्या विधानाच्या पोटात निदान चार निरनिराळे अर्थ दडलेले आहेत. ते सुटे केल्यावाचून होकार वा नकार देण्यात अर्थ नाही.

प्रथम शब्दाचाच विचार करावा लागतो. ‘उंची’ अत्तर, ‘उंची’ चहा असे आपण म्हणतो तेव्हा स्वस्त मालात जो गुण थोडा आहे तोच महाग मालात अधिक आहे, असे आपण गृहीत धरतो. पेट्रोलच्या बाबतीत हे गृहीत लागू पडत नाही. तेथे किंमत ज्या अंकाबरोबर चढते तो ऑक्टेन अंक इंधनातील शक्तीचे माप नाहीच. इथिल कॉर्पोरेशनमधील रसायनशास्त्रज्ञ ग्रॅहॅम एडगर यांनी १९२६ च्या सुमारास हे माप सिद्ध केले. आयसोऑक्टेन या द्रव्यास १०० आणि नॉर्मल हेप्टेनला शून्य असे अंक देऊन, या दोहोंच्या कोणत्या मिश्रणाप्रमाणे एखादे पेट्रोल कसोटीच्या एंजिनात वागते ते पाहावयाचे, एवढीच ही रीत. (हे हेप्टेन प्रारंभी जेफ्री पाइन नावाच्या कॅलिफोर्नियातील वृक्षाच्या राळेपासून मिळवीत, पेट्रोलच्या अंकगणितातील शून्य झाडाच्या चिकातून यावे, हा एक मजेदार योगायोग.) या मापाच्या शून्यावर व शंभरावर बसविलेली ही दोन द्रव्ये जाळली असता किलोमागे मिळणारी उष्णता जवळजवळ सारखीच असते. त्यांच्यात भेद आहे तो दाब व उष्णता सोसण्याच्या क्षमतेत. ऑक्टेन अंक वाढला म्हणजे इंधन आपण होऊन पेट घेण्यास अधिक नाखूष झाले, इतकाच त्याचा अर्थ. इथेनॉलचे उदाहरण या बाबतीत निर्णायक म्हणावे लागेल. त्याचा ऑक्टेन अंक शंभराच्या वर आहे, आणि तरीही एका लिटरमागे त्यातून मिळणारी उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी भरते. शेकडा १० इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर गाडी साधारणतः शेकडा ३ कमी धावते. म्हणजे ऑक्टेन चढते आणि मैल उतरतात.

या अंकाविषयी आणखी एक घोटाळा टाळणे आवश्यक आहे. पुण्याच्या पंपावर ९१ हा अंक पाहिलेला माणूस अमेरिकेत ८७ पाहतो तेव्हा तेथील पेट्रोल हलके, अशी त्याची समजूत होते. वस्तुतः भारतात ‘रिसर्च’ पद्धतीचा अंक सांगतात, तर अमेरिकेत ‘रिसर्च’ आणि ‘मोटर’ या दोन पद्धतींच्या अंकांची सरासरी पंपावर लावतात. तेथील ८७ हे येथील ९१ च्या जवळपास, आणि तेथील ९३ हे ९७-९८ च्या जवळपास येते.

मग अधिक ऑक्टेनाचा मायलेजशी काहीच संबंध नाही काय? संबंध आहे, परंतु तो एंजिनाच्या रचनेतून येतो. सिलिंडरातील वायू ठिणगी पडण्यापूर्वी जितका अधिक दाबला जाईल तितके उष्णतेचे कार्यात रूपांतर अधिक होते. आदर्श चक्राच्या गणितानुसार संपीडन गुणोत्तर ८ असता कार्यक्षमता शेकडा ५६.५ येते व ते १० केले असता शेकडा ६०.२ येते. प्रत्यक्ष एंजिनात हे आकडे बरेच खाली उतरतात, तथापि वाढीची दिशा तीच राहते. असा दाब सोसणारे इंधन मिळाले तरच रचनाकाराला गुणोत्तर वाढविता येते. परंतु गुणोत्तर कारखान्यात एकदा ठरले की ठरले. ८ गुणोत्तराच्या एंजिनात १०० ऑक्टेनाचे पेट्रोल ओतल्याने ते १० गुणोत्तराचे होत नाही. ज्या सोशिकपणाची त्या एंजिनाला गरजच पडत नाही तिचे मूल्य मालक भरतो, आणि ती सोशिकता धुराड्यावाटे निघून जाते.

अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१६ मध्ये घेतलेल्या चाचण्यांचा निष्कर्ष याला धरूनच आहे. साध्या पेट्रोलसाठी बनविलेल्या गाड्यांत प्रीमियम इंधनाने शक्ती, मायलेज वा धूर यांत उल्लेखनीय फरक पडला नाही; आणि अशा गाड्यांत विनाकारण महाग पेट्रोल भरण्यात अमेरिकन लोकांनी एका वर्षात २१० कोटी डॉलर खर्चिले, असा अंदाज त्या संस्थेने दिला. २०१७ मध्ये तिनेच दुसऱ्या एका वर्गाच्या गाड्या तपासल्या : ज्यांच्या निर्मात्यांनी प्रीमियमची शिफारस केली होती, परंतु सक्ती केली नव्हती. येथे मायलेज सरासरीने शेकडा २.७ वाढले. मराठीत मायलेजलाच ‘ॲव्हरेज’ म्हणण्याची रूढी आहे, आणि या ठिकाणी ती फार बोलकी ठरते; कारण या सरासरीच्या पोटात एका गाडीची शेकडा १ घट होती आणि दुसरीची शेकडा ७.१ वाढ होती. शिवाय या चाचण्या जड ओझे, जोरदार वेग अशा कठीण परिस्थितीच्या धर्तीवर आखलेल्या होत्या. दोन्ही प्रतींच्या भावांतील अंतर त्या वेळी शेकडा २० हून कमी नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे केवळ काटकसरीच्या दृष्टीने हा व्यवहार आतबट्ट्याचा ठरतो. सामान्य मालकाचा स्वानुभव याविरुद्ध साक्ष देतो खरा. परंतु टाकी गळ्यापर्यंत भरून काढलेल्या हिशेबात शेकडा दोन-तीनांची चूक सहज होते, आणि महाग पेट्रोल भरलेला माणूस त्या आठवड्यात पाय जपून ठेवतो ही गोष्टही दुर्लक्षिण्याजोगी नाही.

संरक्षणाचा मुद्दा अधिक गंभीर आहे, आणि येथे समजुतीला सरसकट खोटे ठरविणारे टीकाकारही तितकेच चुकतात. सिलिंडरात ठिणगीपासून निघालेली ज्योत पुढे सरकत असता, तिच्या पुढ्यात दाबला गेलेला उरलेला वायू ज्योत पोहोचण्याआधीच एकदम पेटला, तर दाबाच्या लहरी धातूवर आदळतात. कारागीर ज्याला ‘नॉकिंग’ म्हणतात ती ठकठक हीच. ती क्षणभर झाली तर बिघडत नाही. परंतु भाराखाली चालत राहिली तर दट्ट्याचा माथा खरवडला जातो आणि कड्यांमधील कडा तुटतात. या एका संकटापासून अधिक ऑक्टेनाचे पेट्रोल निश्चितपणे वाचविते. मात्र ते संकट गाडीत मुळात संभवत असले पाहिजे.

‘जुनी शक्तिमान गाडी’ हा एकच वर्ग मानल्यामुळे येथे सगळा गोंधळ माजतो. १९६४ च्या पाँटिॲक जीटीओचे ६.४ लिटरचे एंजिन १०.७५ गुणोत्तराचे होते. ठिणगीची वेळ डिस्ट्रिब्यूटरमधील वजने आणि स्प्रिंगा ठरवीत. नॉकिंग ओळखण्याचे कोणतेही साधन त्यात नव्हते. त्या काळचे अमेरिकन प्रीमियम पेट्रोल रिसर्च मापाने ९९ ते १०० च्या घरात असे. म्हणजे अशा गाडीला अमेरिकेतील आजचे ९३ अंकी पेट्रोलही किंचित अपुरेच पडते, आणि जाणता मालक ठिणगी थोडी मागे घेतो. येथे प्रीमियम ही चैन नव्हे, गरज आहे. परंतु १९७० चे शेव्हरोलेचे ७.४ लिटरचे ‘एलएस-५’ एंजिन घ्यावे. त्याचे गुणोत्तर १०.२५ होते, १९७१ मध्ये शिसेविरहित पेट्रोलची तयारी म्हणून जनरल मोटर्सने ते ८.५ वर आणले. एंजिन तेच, नाव तेच, बाहेरून पाहणाऱ्यास भेद कळू नये अशी स्थिती. तरी एकाला प्रीमियम अत्यावश्यक आणि दुसऱ्याला बहुधा निरुपयोगी. ‘बहुधा’ म्हणण्याचे कारण, जुन्या एंजिनात साठलेला कोळसा दहनकक्षाचे आकारमान घटवितो व उष्णता धरून ठेवतो, त्यामुळे त्याची ऑक्टेनाची भूक नव्या असतानापेक्षा काही अंकांनी वाढलेली असते. तिसरा वर्ग १९८० नंतरच्या गाड्यांचा. स्वीडनच्या साब कंपनीच्या टर्बो एंजिनात नॉकिंगची चाहूल घेणारा संवेदक बसविला गेला आणि तो दाब आपोआप कमी करू लागला. अशा गाडीत साध्या पेट्रोलने एंजिन सहसा फुटत नाही, शक्ती तेवढी घटते; आणि थोडे मायलेज जाते ते याच वर्गात. मात्र तो संवेदक तीस-चाळीस वर्षांनंतरही शाबूत आहे, हे गृहीत धरणे धाडसाचे होईल.

संरक्षणाचा दुसरा अर्थ शिशाशी निगडित आहे. जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजली यांनी डिसेंबर १९२१ मध्ये टेट्राइथिल लेडचा नॉकिंगविरोधी गुण शोधला, आणि फेब्रुवारी १९२३ मध्ये ओहायोतील डेटन येथे ते पेट्रोल विक्रीस आले. विकले गेले ते ‘इथिल’ या नावाने. शिशाचा त्यात उल्लेख नव्हता. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात पाच कामगार या विषाने दगावले. उंची पेट्रोलच्या नावात काय सांगितले जाते आणि काय गाळले जाते, हा प्रश्न असा शंभर वर्षांचा आहे. या शिशाचा एक अनपेक्षित लाभ होता : त्याचा पातळ थर धुराच्या झडपेखालील बिडाच्या बैठकीवर बसे व तिची झीज रोखी. भारतात २००० साली, अमेरिकेच्या रस्त्यांवर १९९६ मध्ये आणि अखेर २०२१ मध्ये अल्जीरियात शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले, आणि ते होणेच योग्य होते. मात्र तो थर गेला, आणि आजच्या प्रीमियम पेट्रोलचा वाढीव ऑक्टेन तो परत आणीत नाही. सतत वेगाने चालणाऱ्या जुन्या एंजिनाला त्यासाठी कठीण धातूच्या बैठका बसवून घेणे हाच उपाय होय. अधिक पैसे देऊन झडपा सुरक्षित झाल्या असे समजणारा मालक येथे फसतो.

स्वच्छतेचा मुद्दा थोडक्यात आटोपता येईल. एंजिन स्वच्छ ठेवतात ती शोधक द्रव्ये. त्यांचा ऑक्टेनाशी संबंध नाही. अमेरिकेत १९९५ पासून ती सर्व पेट्रोलमध्ये किमान प्रमाणात सक्तीची झाली, आणि २००४ मध्ये काही मोटार उत्पादकांनी पुरस्कारिलेल्या ‘टॉप टिअर’ मानकात तर ती सर्व प्रतींना सारखीच लागू आहेत. १९९६ मध्ये तेथील फेडरल ट्रेड कमिशनने एक्सॉनच्या अशाच स्वच्छतेच्या जाहिरातींना आव्हान दिले. १९९७ च्या तडजोडीत, बहुतेक गाड्यांना साधे पेट्रोल पुरते हे कंपनीने स्वतःच जाहिरात देऊन सांगावयाचे ठरले.

उरतो तो चौथा अर्थ, आणि त्यात महाग पेट्रोलची बाजू अनपेक्षितपणे बळकट होते. इथेनॉल पाणी शोषून घेते, जुन्या रबराच्या नळ्या व गळबंद चकत्या फुगविते, आणि महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत गंजाला वाट करून देते. सप्टेंबर २०२१ मध्ये ग्रेट ब्रिटनमध्ये साधे ९५ अंकी पेट्रोल शेकडा १० पर्यंत इथेनॉलचे झाले, तेव्हा शेकडा ५ ची मर्यादा ९७ वा अधिक अंकाच्या ‘सुपर’ प्रतीतच राखून ठेवण्यात आली आणि जुन्या गाड्यांच्या मालकांना तीच वापरण्याचा सल्ला देण्यात आला. तेथे सौम्य गुणोत्तराची, ऑक्टेनाची यत्किंचितही गरज नसलेली गाडी बाळगणाराही उंची पेट्रोल भरतो ते योग्यच करतो. मात्र त्याला हवी असलेली वस्तू पंपावरच्या मोठ्या अक्षरांतील ९७ या अंकात नसून, शेजारच्या गोल चिठ्ठीवर लिहिलेल्या ‘ई ५’ या खुणेत असते.