अबालालच्या गावातले एक प्रदर्शन

कोल्हापूरच्या दसरा चौकात उभे राहिले की राजर्षी शाहू महाराजांचे दोन वारसे एकाच नजरेत मावतात. एक मुस्लिम बोर्डिंग, म्हणजे १९०६ साली महाराजांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या आपल्या समाजाच्या शिक्षणकार्याची खूण. दुसरे त्यांच्या नावाचे स्मारक भवन व त्यातले कलादालन. या दालनात स्थानिक चित्रकार-शिल्पकारांची समूह प्रदर्शने भरत असतात. अशाच एका प्रदर्शनाला आम्ही गेलो. मांडणाऱ्यांत शाळांतले कलाशिक्षक होते, नोकरी सांभाळून रंगवणारे होते, नुकतीच परीक्षा दिलेली मुले-मुली होती. त्यांची नावे आम्ही घेत नाही. आमचे बोलणे एकंदर वृत्तीविषयी आहे.

आधी जमेची बाजू. जलरंगातला या गावाचा हात अजून सुटलेला नाही. भर पावसातल्या पंचगंगा घाटाच्या एका चित्रात पाण्यासाठी कागद तसाच कोरा सोडला होता, आणि तो कोरेपणाच ओला वाटत होता. मातीत घडवलेल्या एका म्हातारीच्या मुखवट्यात सुरकुत्या मोजून काढलेल्या नव्हत्या. कपाळ आणि गाल यांच्या उतारातूनच तिचे वय कळत होते. अबालाल रहिमान, आनंदराव व बाबूराव पेंटर यांच्यापासून आलेली ही निरीक्षणाची शिस्त आहे. तिचे कौतुक करायलाच हवे.

पण दहा-बारा चित्रे पाहून झाल्यावर आमच्या मनात खंत सुरू झाली. रंकाळा, घाट, जुना वाडा, पन्हाळ्याची तटबंदी, पुन्हा रंकाळा. अबालालांनीही रंकाळा आणि पंचगंगेचा परिसर रंगवला, हे खरे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून, १८८८ साली व्हाइसरॉयचे सुवर्णपदक मिळवूनही हा माणूस कोल्हापूरला परतला, शाहू महाराजांच्या आश्रयाने राहिला आणि १९३१ साली गेला तो जवळजवळ फकिरासारखा. कोटीतीर्थाचे पाणी तो रोज पाहत होता, म्हणून ते चित्रात आले. आजच्या चित्रकाराचा घाट पुष्कळदा छायाचित्रावरून आलेला असतो, आणि दिवाणखान्यात शोभेल एवढाच असतो. परंपरा विषयांची नसते, पाहण्याची असते. ही गोष्ट विसरली की वारसा नुसता नकलेपुरता उरतो.

एका मोठ्या तैलचित्रासमोर आम्ही बराच वेळ थांबलो. विशाळगड होता. धुके, कडे, हिरवाई, सारे कसबी हाताने केलेले. मात्र गडावरचा मलिक रेहान यांचा दर्गा त्यात नव्हता, की वाटेवरच्या वस्तीतले एक घरही नव्हते. १४ जुलै २०२४ रोजी गडाकडे जाणाऱ्या वाटेवरच्या गजापुरात घरांची आणि मशिदीची मोडतोड झाली, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही रिकामी जागा बोचल्याशिवाय राहणार नाही. चित्रकाराच्या मनात काही वाईट होते, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. बहुधा त्याला रचना मोकळी हवी असेल. पण चित्रातून माणसे वगळण्याची सवय लागली की ती डोळ्यांनाही लागते. ७ जून २०२३ रोजी याच शहरात दगडफेक झाली, दुकाने फुटली. शेजाऱ्याने शेजाऱ्याला पाहणे हा कलेचाच विषय आहे, असे आम्हांला तेव्हापासून अधिकच वाटते.

आता दोष आपल्या पदरात. आपल्या समाजातल्या दोघांनी भाग घेतला होता, दोघांचीही सुलेखने. सोनेरी रंग भरपूर, चौकट भारी, पण अक्षरे संगणकावरून उतरवलेली. सुलेखनात नूनची वाटी किती खोल, अलिफ किती उंच, हे कलमाच्या टोकाने उमटलेल्या नुक्त्यांनी मोजतात. त्या मापात वर्षानुवर्षांचा रियाज असतो. अबालालांच्या घरी कुराणाच्या प्रती हाताने लिहिण्याचा व्यवसाय होता, असे सांगितले जाते. त्या घरातला मुलगा अक्षराकडून निसर्गाकडे गेला आणि दोन्हीकडे डोळा तोच ठेवला. आमची मुले मात्र अक्षरांशी थांबतात, कारण ‘तसवीर’ म्हटली की घरातून आक्षेप येतो. हा आक्षेप धर्मनिष्ठेतून येतो हे आम्ही जाणतो, आणि त्यावर जाणकारांत मतभेद आहेत हेही जाणतो. पण झाड, पाणी, मोहल्ल्यातली गल्ली, मोहरमचे पंजे, अम्मीचे शिवणयंत्र, भिंतीवरचा उन्हाचा कवडसा यांना कोणाची हरकत आहे? यातले एकही चित्र तिथे नव्हते. जे आपण रंगवले नाही ते इतरांनी रंगवावे, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

आणखी एक गोष्ट. आपल्या वस्त्यांत कालपरवापर्यंत पाट्या रंगवणारे पेंटर होते. फ्लेक्सने त्यांचा धंदा बसवला. ब्रशच्या एका ओढीत अक्षर उभे करणारा तो हात कलादालनाच्या पायऱ्या कधी चढला नाही. त्याला कोणी बोलावले नाही आणि त्यालाही आपण कलावंत आहोत असे वाटले नाही. सिनेमाचे फलक रंगवणारा पंढरपूरचा एक मुलगा पुढे मकबूल फिदा हुसेन झाला, हे तरी आपण ध्यानात ठेवावे.

आम्ही होतो त्या दोन तासांत आपल्या समाजातले प्रेक्षक आले ते भाग घेणाऱ्यांचे नातेवाईकच. काही पावलांवर बोर्डिंग, तरी ही गत. पुढच्या प्रदर्शनाला बोर्डिंगमधली मुले रांगेने यावीत, एखादा जुना पेंटर सन्मानाने बोलावला जावा, आणि टाऊन हॉलच्या संग्रहालयातली अबालालांची चित्रे आधी मुलांना दाखवली जावीत. खर्च फारसा नाही. निघताना अभिप्रायाच्या वहीत सगळीकडे ‘छान’, ‘अप्रतिम’ असेच वाचले. आम्ही एवढेच लिहिले: हात चांगले आहेत; आता जरा आजूबाजूला बघा.