रॉय रोझेन्झ्वाइग यांची इतिहासदृष्टी : एक मूल्यमापन

साधने संगणकावर आली म्हणजे इतिहास सर्वांचा झाला, असे आज सर्रास गृहीत धरले जाते. अमेरिकन इतिहासकार रॉय रोझेन्झ्वाइग (१९५०–२००७) यांची कारकीर्द अभ्यासली असता या गृहीतकाचे बळ आणि त्याच्या मर्यादा दोन्ही ध्यानात येतात.

डिजिटल इतिहासाचे अध्वर्यू म्हणून ते ओळखले जात असले, तरी त्यांची सुरुवात यंत्रापासून झाली नाही. त्यांचा १९८३ चा ग्रंथ वूस्टर शहरातील कामगारांच्या फुरसतीच्या वेळेविषयी आहे. सामान्य माणसाच्या इतिहासाची ही ओढच त्यांना संगणकाकडे घेऊन गेली. १९९३ मध्ये सहकाऱ्यांसह 'हू बिल्ट अमेरिका?' ही सीडी-रॉम, १९९४ मध्ये जॉर्ज मेसन विद्यापीठात इतिहास व नवमाध्यम केंद्र आणि २००१ च्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर सर्वसामान्यांच्या आठवणींचा डिजिटल संग्रह, असा हा सुसंगत प्रवास आहे.

२००३ च्या निबंधात त्यांनी एक मार्मिक मुद्दा मांडला. दुर्मिळतेची सवय असलेल्या इतिहासकाराला यापुढे साधनांच्या विपुलतेला तोंड द्यावे लागेल आणि त्याच वेळी डिजिटल साधने नष्ट होण्याचा धोकाही राहील. २००६ मध्ये त्यांनी विकिपीडियावरील २५ चरित्रे बारकाईने तपासली. केवळ ४ चरित्रांत त्यांना स्पष्ट तथ्यदोष आढळले. भाषा मात्र त्यांना निस्तेज वाटली. विकिपीडियाची हेटाळणी न करता त्याची परीक्षा घेणे, हा शिक्षकी गुण येथे दिसतो.

तथापि, ही विपुलता मुख्यतः इंग्रजी छापील मजकुराची आहे, याचा विचार त्यांच्या लेखनात पुरेसा आढळत नाही. मोडी दप्तरे किंवा नस्तालिकमधील दखनी हस्तलिखिते स्कॅन केली, तरी आपल्या हाती पानाचे चित्र येते. त्यातील शब्द शोधता येत नाही. हस्तलिखितांचे यंत्रवाचन अद्याप भरवशाचे नाही. वाचणारा जाणकारच उरला नाही, तर संग्रह खुला असूनही बंदच राहतो.

म्हणून आपल्या महाविद्यालयांनी रोझेन्झ्वाइग यांच्याकडून लोकाभिमुखता अवश्य घ्यावी. परंतु स्कॅनरसाठी तरतूद करताना लिपी शिकवणाऱ्या वर्गासाठीही तेवढीच तरतूद करावी. एरवी आपण पूर्वजांची कागदपत्रे जतन करू, पण ती वाचू शकणार नाही.