निखळ विनोद कोणाचा?

मुलांच्या शाळेतील खोड्या, खेळ आणि वर्गातली टिंगल यांवरील लेखनाला प्रस्थापित समीक्षक ‘निखळ’ म्हणतात. मला हा शब्द तपासावासा वाटतो.

या प्रकारातली गाजलेली कादंबरी म्हणजे टॉमस ह्यूज यांची ‘टॉम ब्राऊन्स स्कूलडेज’ (१८५७). रग्बीच्या शाळेत टॉमला घोंगडीत घालून उडवतात, शेकोटीपुढे धरून भाजतात. धाकट्यांनी थोरल्यांची चाकरी करायची हा तर रिवाजच. तरी वाचक हसू शकतो, कारण ही चाकरी वयाची आहे. वय वाढले की सुटते. शेवटी टॉम क्रिकेट संघाचा कप्तान होतो.

जातीला वय नसते. एल्फिन्स्टन हायस्कुलात भीमराव फळ्याकडे निघाले, तेव्हा फळ्यामागचे आपले डबे उचलायला मुले धावली. खोडी उलटवता येते. विटाळ कसा उलटवणार?

मैदान सर्वांना सारखे, असे म्हणतात. (आमचे क्रीडाशिक्षकही म्हणत.) पण पुण्यात पालवणकर बाळूंना चहा मिळे तो बाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊनही हिंदू संघाने त्यांना कप्तान नेमले नाही. ते पद १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले.