‘सायबर योद्धा’ : एका संज्ञेची चिकित्सा

संगणकजालांच्या लष्करी संरक्षणाविषयी आज जे लेखन होते, त्यात ‘सायबर योद्धा’ ही संज्ञा रूढ झाली आहे. हा केवळ शैलीचा प्रश्न असता, तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. तथापि मनुष्यबळाविषयीचे विचार याच शब्दाच्या आधारे मांडले जातात. म्हणून तो तपासून पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम संख्येचा विचार करू. जर्मन सैन्याने २०१७ साली सायबर व माहितीक्षेत्रासाठी स्वतंत्र विभाग स्थापिला. त्याचे संख्याबळ सुमारे १३,५०० होते. अमेरिकेच्या सायबर कमांडने आपल्या १३३ पथकांसाठी सुमारे ६,२०० माणसे योजिली होती. यावरून जर्मनीचे सामर्थ्य दुप्पट होते, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो फसेल. जर्मन आकड्यात टेहळणी, दळणवळण आणि लष्करी भूगोल या शाखांतील पूर्वीचीच माणसे समाविष्ट होती. अमेरिकन आकडा केवळ त्या पथकांपुरता होता. नाव एक, पण मोजलेले वर्ग दोन, अशी ही स्थिती आहे.

आता अर्थाकडे वळू. उपर्युक्त १३३ पथकांपैकी ६८ संरक्षणाची आणि २५ साहाय्याची होती. म्हणजे बहुतांश मनुष्यबळ पहारा, तपास व डागडुजी यांसाठी होते. ‘योद्धा’ या शब्दातून मात्र रणांगण आणि प्रहारच सूचित होतात. २००७ च्या एप्रिलमध्ये एस्टोनियातील सरकारी कार्यालये, बँका व वृत्तपत्रे यांच्या संकेतस्थळांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा ते परतविण्याचा भार मुख्यतः शासनाचे २००६ साली स्थापन झालेले छोटे पथक आणि बँका व दूरसंचार कंपन्यांतील तंत्रज्ञ यांनी वाहिला. पुढे २०११ साली तेथील स्वयंसेवी संरक्षणदलात अशा नागरी तज्ज्ञांचा स्वतंत्र विभाग निघाला. त्यांनी आपला पेशा सोडला नाही. राष्ट्रानेच त्यांच्यासाठी जागा निर्माण केली.

या संज्ञेमुळे तरुण आकृष्ट होतात, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो अगदीच निराधार नाही. परंतु लढाईच्या अपेक्षेने आलेल्या तरुणाच्या वाट्याला नोंदी तपासण्याचे चिकाटीचे काम आले, तर त्याची निराशा होणे स्वाभाविक आहे; आणि त्याच कौशल्यासाठी अधिक वेतन देणारे खाजगी उद्योग बाहेर उभेच आहेत. भरती करणे सोपे, टिकविणे कठीण, हे या क्षेत्राचे मूळ दुखणे होय. आकर्षक नावाने ते बळावते.

भारतातही २०१८-१९ च्या सुमारास तिन्ही दलांची संयुक्त संरक्षण सायबर संस्था आकारास आली. तिच्याविषयी मराठीत लिहिताना पहारा, तपास, डागडुजी व प्रतिकार या कामांचा पृथक् निर्देश व्हावा. किती माणसे हवीत, या प्रश्नाला त्यानंतरच अर्थ प्राप्त होईल.