निर्गुण ब्रह्म आणि बायबलचा ईश्वर : नेहेम्या गोरे यांच्या युक्तिवादातील पेच

नीळकंठशास्त्री तथा नेहेम्या गोरे (1825-1895) यांचे नाव मराठी वाङ्मयेतिहासात बहुधा पंडिता रमाबाईंच्या धर्मांतरासंदर्भात येते आणि तेथेच संपते. वस्तुतः तत्त्वज्ञानातील ब्रह्म आणि बायबलमधील ईश्वर यांची गाठ एकाच चित्तात पडलेली पाहावयाची, तर एकोणिसाव्या शतकात त्यांच्याइतके बोलके उदाहरण सापडणे कठीण. या वादात ते दोन्ही बाजूंनी उभे राहिले आहेत.

काशीत वाढलेल्या या तरुण पंडिताने जॉन म्यूरच्या 'मतपरीक्षे'ला 1844-45 मध्ये 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' या संस्कृत ग्रंथाने उत्तर दिले. धर्मनिर्णयात तर्काला शास्त्राच्या अधीन राहावे लागते, ही तेथील भूमिका. जन्मतःच वाट्याला येणाऱ्या दुःखाची उपपत्ती पूर्वकर्म मानल्याविना लागत नाही, हा तेथील मर्मभेदी आक्षेप. 1848 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि 1860 मध्ये हिंदीतून 'षड्दर्शनदर्पण' आला. फिट्झएडवर्ड हॉलने त्याचे इंग्रजी भाषांतर 1862 मध्ये प्रसिद्ध केले.

या ग्रंथातील वेदान्तखंडनाचा गाभा सत्तात्रैविध्याच्या चिकित्सेत आहे. पारमार्थिक, व्यावहारिक आणि प्रातिभासिक अशा तीन सत्ता मानल्या, की जगत् 'आहे' असेही म्हणता येते आणि 'नाही' असेही. गोऱ्यांच्या मते ही शब्दाची फसगत होय. व्यवहारापुरता सर्वज्ञ, सृष्टिकर्ता ठरणारा ईश्वर परमार्थतः उरत नाही; आणि जे उरते ते ब्रह्म कशाचाच ज्ञाता नाही, कर्ता नाही, कोणावर प्रेम करणारे नाही. शिवाय जीव ब्रह्मच असेल, तर पाप कोणाचे आणि क्षमा कोणी कोणाला करावयाची? न्यायदर्शनाचा ईश्वर कर्ता खरा. पण परमाणू आणि जीव त्याच्याइतकेच अनादी. बायबलचा ईश्वर शून्यातून सृष्टी करतो. म्हणून सृष्ट जीव त्याच्याशी एकरूप नाही आणि त्याच्यापासून स्वतंत्रही नाही. भेदाचे हे नेमके स्थळ गोऱ्यांनी अचूक हेरले, यात शंका नाही.

मात्र येथेच पेच सुरू होतो. शांकरमताला हा निवाडा मान्य होणार नाही. निर्गुणत्व म्हणजे गुणांचे दारिद्र्य नव्हे. गुणांनी येणारी मर्यादा नाकारण्याची ती रीत आहे. नकारातून ईश्वराकडे जाणारी अशी वाट खुद्द ख्रिस्ती चिंतनातही आहे, हे गोऱ्यांच्या खंडनात जवळजवळ हरवते. दुसरे असे, की सर्वज्ञ, सर्वशक्तिमान, न्यायी अशी विशेषणे जोडून त्यांनी जो ईश्वर सिद्ध केला, तोही अनुमानानेच हाती येणारा. पास्कालने 1654 मध्ये तत्त्ववेत्त्यांचा ईश्वर आणि अब्राहाम, इसहाक, याकोब यांचा ईश्वर असा जो भेद केला, त्यात गोऱ्यांचा हा ईश्वर पहिल्या पक्षात पडतो. बायबलमधला ईश्वर हाक मारतो, करार करतो, रागावतो, शेवटी देह धारण करून वधस्तंभावर मरतो. या घटना आहेत आणि घटना अनुमानाने सिद्ध होत नाहीत, साक्षीने सांगितल्या जातात. म्हणजे शास्त्रप्रामाण्य पुन्हा आलेच. शास्त्र तेवढे बदलले. काशीच्या शास्त्र्याने 1844 मध्ये घेतलेला आक्षेप नेहेम्यांना कधी पुरता सोडून गेला नसावा. आयुष्यभर त्यांना शंकांनी छळले, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात लपलेली नाही.

1867 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजाशी त्यांचा मतभेद या संदर्भात पाहावा. समाजाचा ईश्वर निराकार, तरीही दयाळू. विवेकाला पटणारा, पण अवतार न घेणारा. वेदान्ताचे ब्रह्म जितके दूर, तितका हा ईश्वर जवळचा. म्हणूनच त्याच्याशी वाद अधिक अवघड होता. येथे केवळ तर्क लढवून भागत नव्हते. अवतारावाचून दयेला काय आधार, हाच खरा प्रश्न होता. 1883 मध्ये बाप्तिस्मा घेणाऱ्या रमाबाई गोऱ्यांच्या लेखनाने ख्रिस्ती मताकडे वळल्या खऱ्या. पण त्रैक्याच्या सिद्धान्तावरून त्यांनी इंग्लंडमधील आपल्या धर्मगुरूंशी आणि सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून जो वाद घातला, त्यात हाच प्रश्न उलट्या दिशेने पुन्हा उभा राहिला.