पदवी पूर्ण झाली म्हणजे नेमकं काय झालं?

(खडकी येथे दिलेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन)

आजचा प्रश्न वरवर पाहता परीक्षा विभागाच्या खिडकीवर विचारायचा आहे. समाजशास्त्र घेऊन बी.ए. पूर्ण करायला काय काय लागतं? आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे समाजशास्त्राच्या घरात आम्ही पाहुणे. तरी बोलणार आहोत, कारण 'पूर्ण' हा शब्द आमच्या विषयातला आहे.

आधी नियम बघू. आपल्या विद्यापीठाच्या जुन्या पद्धतीत हिशेब सोपा होता. एफ.वाय.ला समाजशास्त्राचा एक पेपर, एस.वाय.ला एक जनरल आणि दोन स्पेशल, टी.वाय.ला पुन्हा तसंच. शंभरात चाळीस मिळाले की पास, अडलं तर ए.टी.के.टी. तीन वर्षं संपली की पदवी. यात मुलानं किंवा मुलीनं वर्गाबाहेरच्या एका तरी माणसाशी अभ्यास म्हणून बोललंच पाहिजे, अशी अट सर्वांना नव्हती.

आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आलं. हिशेब श्रेयांकांचा झाला. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ श्रेयांक, चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे विषय, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, आणि त्यांच्या जोडीला फील्ड प्रोजेक्ट, समाजसहभाग, ऑन जॉब ट्रेनिंग. वर्गातल्या शिकवण्याचे पंधरा तास म्हणजे एक श्रेयांक; प्रत्यक्ष कामाचे तीस तास म्हणजे एक श्रेयांक.

या बदलावर टीका करणारे पुष्कळ आहेत. आम्ही मात्र एक गोष्ट मोकळेपणानं मान्य करतो: फील्ड प्रोजेक्ट सगळ्यांना लागू झाला, हे चांगलं झालं. आमची तक्रार पुढची आहे.

तर्कशास्त्रात आवश्यक अट आणि पुरेशी अट असा भेद करतात. चूल पेटायला हवा लागते, पण नुसत्या हवेनं चूल पेटत नाही. हजेरी, श्रेयांक, उत्तीर्णतेचे गुण या आवश्यक अटी आहेत. विद्यापीठ त्यांनाच पुरेशा धरून चालतं. दुसरा काय करणार, मोजता येईल तेवढंच तर कार्यालय मोजतं. पण शिक्षकानंही तेवढंच मोजायचं का?

इथून फार लांब नाही, पिंपळे सौदागर. आज तिथे उंच सोसायट्या आहेत. शंभर वर्षांपूर्वी ते कोरडवाहू शेतीचं छोटं खेडं होतं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल हॅरॉल्ड मॅन यांनी त्या गावाची घरोघर, शेतोशेत पाहणी केली आणि १९१७ साली ती पुस्तकरूपानं छापली. जमिनीचे तुकडे किती झाले, कर्ज किती आहे, शेतीवर घर चालतं का, असे त्यांचे साधे प्रश्न. उत्तर असं निघालं की बहुसंख्य घरांचं नुसत्या शेतीवर भागत नाही, बाहेरच्या मजुरीवर तोंडमिळवणी करावी लागते. मॅन हे मुळात रसायनशास्त्रज्ञ, समाजशास्त्राची पदवी त्यांच्याकडे नव्हती. पण दख्खनच्या खेड्याचा अभ्यास करणाऱ्याला आजही त्यांच्यापासून सुरुवात करावी लागते.

होळकर पुलावरून पलीकडे गेलं की डेक्कन कॉलेज. तिथे इरावती कर्वे होत्या. कोयना धरणानं उठवलेल्या लोकांची पाहणी त्यांनी जाई निंबकरांबरोबर केली, ती १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. वीज सगळ्यांना दिसते. गाव सोडून गेलेल्या घराचं पुढं काय झालं, हे कुणीतरी जाऊन विचारावं लागतं.

म्हणजे आपल्या आसपास ही परंपरा आहे. तिच्यात आपली मुलं कुठे बसतात? एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी ओळखीतली एक मुलगी आमच्याकडे प्रोजेक्टची फाईल घेऊन आली. शुद्धलेखन तपासून हवं होतं. विषय होता महिला भाजीविक्रेत्या. पन्नास प्रश्नावल्या जोडलेल्या, सगळ्या एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात. आम्ही विचारलं, "बाळ, किती जणींना भेटलीस?" ती गप्प. मग म्हणाली, "सर, सगळे असंच करतात. मॅडम फक्त पानं मोजतात." तिची आई स्वतः बाजारात भाजी विकते, हे आम्हाला माहीत होतं. "आईला तरी विचारलंस का?" त्यावर ती जे बोलली ते आम्ही विसरलो नाही: "आईचं काय लिहायचं सर? ते काय समाजशास्त्र आहे का?"

ती मुलगी पास झाली, चांगल्या मार्कांनी. नियमानं तिची पदवी पूर्ण आहे. पण तिच्या आईचं पहाटे चारला उठणं, उधारीवर माल उचलणं, जागेसाठी भांडणं हे अभ्यासाच्या लायकीचं नाही, एवढं मात्र आपण तिला तीन वर्षांत शिकवलं. आम्ही तिला दोष देत नाही. तिच्या मॅडमनाही देत नाही. तासिका तत्त्वावर शिकवणारी बाई, मानधन तासावर, समोर ऐंशी मुलं. फाईल वाचण्याचे तास कुणी धरलेत? नुसत्या दोन श्रेयांकांचा प्रकल्प धरला तरी मुलाकडून साठ तासांची अपेक्षा आहे. तो वाचणाऱ्याचे तास मात्र हिशेबात दिसत नाहीत. मग पानं मोजली जातात.

आता कुणी म्हणेल, सर, मुलं दुकानात, कुरिअरमध्ये, कॉल सेंटरमध्ये कामं करतात. हजेरीच कशीबशी भरते, वर हे कुठून? रास्त आहे. पण मग तेच काम त्याचं फील्ड का असू नये? खडकीत विषयांना काय तोटा? १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना १ ऑक्टोबर २०२१ ला सरकारी कंपनीखाली गेला. कामगारांच्या वसाहतीत आई-वडील मुलांच्या नोकरीबद्दल आता काय बोलतात? कँटोन्मेंटची नागरी वस्ती महापालिकेत जावी, असं कुणाला वाटतं आणि कुणाला नाही? वीस घरांत जा, नीट ऐका, लिहा.

आणखी एक मुद्दा, तो आम्हाला जास्त सतावतो. नव्या रचनेत मधेच बाहेर पडायची सोय आहे. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका. श्रेयांक बँकेत जमा राहतात, तीन वर्षांच्या आत परत येता येतं. कागदावर ही सवलत उदार आहे. पण समाजशास्त्राचा पहिला प्रश्न हाच की या दारातून बाहेर कोण जाणार? ज्याच्या घरी दुसरं उत्पन्न आहे, तो चौथं वर्षही करील. जिचं लग्न ठरलं, ज्याचे वडील आजारी पडले, त्यांच्या हातात प्रमाणपत्र पडेल आणि आपण म्हणू, त्यांनी स्वतः निवडलं. परत किती जण आले, कोणत्या घरांतले आले, ही नोंद प्रत्येक महाविद्यालयानं ठेवावी आणि समाजशास्त्राच्या मुलांनीच ती तपासावी. आपल्याच पदवीच्या नियमांचा अभ्यास, यापेक्षा चांगला प्रकल्प कोणता?

आमची मागणी मोठी नाही. पदवीच्या अटींत एकच भर घाला. स्वतःच्या वस्तीबद्दल स्वतः विचारलेला एक प्रश्न, प्रत्यक्ष भेटलेल्या माणसांची उत्तरं, आणि 'आधी मला असं वाटत होतं, पण तसं निघालं नाही' असं सांगणारी पाच-सात पानं. ती मराठीत असोत, मोडक्या भाषेत असोत, चालतील. त्यावर शिक्षकानं अर्धा तास समोर बसवून बोलायचं, आणि तो अर्धा तास शिक्षकाच्या कामात धरायचा. एवढं झालं नाही तर १३२ श्रेयांक भरतील, पदवीदान समारंभही होईल, पण त्या मुलीला तिची आई अभ्यासाचा विषय वाटणार नाही.

आम्ही इथे थांबतो. समोर शिक्षक बसलेत, विद्यार्थीही आहेत. आमचं कुठे चुकत असेल तर विद्यार्थ्यांनी आधी बोलावं.