'ओरिएंट' म्हणजे पूर्व, मग मोरोक्को तिथे कसा?

पीएच.डी.ला नाव नोंदवलं की पहिल्यांदा 'ओरिएंटेशन' असतं. आपण त्याला उद्बोधन वर्ग म्हणतो. या इंग्रजी शब्दात एक दिशा दडली आहे, हे तुमच्या लक्षात आलं होतं का?

लॅटिनमध्ये 'ओरिरी' म्हणजे उगवणे. त्यावरून 'ओरिएन्स', म्हणजे उगवता सूर्य आणि पूर्व दिशा. फ्रेंचमार्गे इंग्रजीत 'ओरिएंट' आला. पूर्वेकडे तोंड करणे, त्यावरून आपण कुठे आहोत हे ठरवणे, असा 'ओरिएंटेशन'चा अर्थ वाढत गेला. आपल्याकडेही 'दक्षिण' म्हणजे उजवी. उगवतीकडे तोंड करून उभे राहा, लगेच पटेल.

छान वाटतं ना? माझ्या पहिल्या प्रकरणाची सुरुवात मी अशीच पानभर केली होती. गाईडनी ती वाचून एकच प्रश्न विचारला, "मग मोरोक्को ओरिएंटमध्ये कसा?"

नकाशा बघा. मोरोक्कोची राजधानी रबात लंडन आणि पॅरिस दोन्हींच्या पश्चिमेला आहे. देशाचं अरबी नावच 'अल-मगरिब', म्हणजे सूर्य मावळतो ती जागा. तरीही १८३२ साली तिथे गेलेल्या फ्रेंच चित्रकार देलाक्रुआची तिथली चित्रं 'ओरिएंटलिस्ट' म्हणूनच ओळखली जातात. व्युत्पत्ती एक सांगते, वापर भलतंच!

एडवर्ड सईद यांचं 'ओरिएंटलिझम' (१९७८) इथे उपयोगी पडतं. सईद शब्दाच्या मुळाशी रेंगाळत नाहीत, त्याचा वापर तपासतात. त्यांच्या मते ओरिएंटलिझम म्हणजे एक विद्याशाखा, पूर्व-पश्चिम भेदावर उभी असलेली विचारपद्धती आणि पूर्वेवर हुकमत गाजवणारी यंत्रणा. पण इथेच अडचण आहे. विचारपद्धती म्हटलं तर ते ग्रीक नाटककार एस्किलसपर्यंत मागे जातात, यंत्रणा म्हटलं तर अठराव्या शतकाच्या अखेरीपासून सुरुवात धरतात. मग ओरिएंटलिझम सुरू झाला तरी कधी? एजाज अहमद यांनी 'इन थिअरी' (१९९२) मध्ये हाच आक्षेप घेतला आहे. मला तो योग्य वाटतो; पण तो घेता येतो, कारण सईद यांनी आपले तिन्ही अर्थ उघडपणे मांडले आहेत.

तेव्हा सिनॉप्सिसमध्ये व्युत्पत्ती जरूर द्या, पण दोन ओळीत. पुढे तो शब्द कोणी, कधी, कोणाबद्दल वापरला ते दाखवा आणि तुम्ही कोणत्या अर्थाने वापरताय ते स्पष्ट लिहा. माझं ते पान आता दोन ओळींचं झालंय. उरलेल्या जागेत मोरोक्को आलाय.